पाहिलं आणि नाही, की पाहिलंच नाही? रेडिओलॉजीचे रिपोर्ट साच्यात का लिहावेत

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात घराघरांत एकच प्रश्न होता : "स्कोअर किती आला?" छातीचा सीटी स्कॅन करून आलेल्या माणसाला ताप किती आहे, दम लागतोय का, हे विचारायच्या आधी लोक स्कोअर विचारायचे. २५ पैकी ७ म्हटलं की घरात सुस्कारा, १८ म्हटलं की बेडसाठी फोनाफोनी. ज्यांनी आयुष्यात कधी रेडिओलॉजीचा रिपोर्ट उघडून पाहिला नव्हता, त्यांना तो आठवडाभरात वाचता यायला लागला.

वाचता आला, कारण त्या रिपोर्टला साचा होता. फुप्फुसांचे पाच खंड, उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन. प्रत्येक खंडाचा किती भाग आजाराने व्यापलाय त्यावरून ० ते ५ गुण. सगळ्यांची बेरीज २५ पैकी. नाशिकच्या सेंटरवर काढलेला १२ हा आकडा सोलापूरच्या डॉक्टरला समजायला कुणाचा फोन लागत नव्हता.

त्याच कागदावर आणखी एक आकडा असायचा, को-रॅड्स. 'को-रॅड्स ५' म्हणजे २५ पैकी ५ असं समजून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत. सहापैकी पाच म्हणजे आता काही खरं नाही, असं समजून रडणारीही पाहिली आहेत. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. नेदरलँड्समधल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने २०२० च्या मार्चमध्ये तयार केलेली ही श्रेणी आजार किती पसरलाय हे सांगतच नव्हती. चित्र पाहून हा कोविडच असण्याचा संशय किती दाट आहे, एवढंच ती सांगायची. ५ म्हणजे संशय सर्वांत दाट, आणि ६ म्हणजे आरटीपीसीआरने कोविड आधीच सिद्ध झालेला.

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि साचेबद्ध रिपोर्टच्या बाजूचा आहे. त्या दोन आकड्यांनी काय साधलं आणि काय बिघडवलं, हे दोन्ही जवळून पाहिल्यामुळे हा विषय नीट मांडावासा वाटतो.

रिपोर्ट लिहितो कोण, वाचतो कोण

रेडिओलॉजीचा रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेलं पत्र. हल्ली तो रुग्णाच्या मोबाइलवर आधी पोचतो, पण लिहिलेला असतो तपासणीला पाठवणाऱ्या डॉक्टरसाठी. तपासणी कशासाठी केली, कशी केली, काय काय दिसलं आणि शेवटी त्यावरून निष्कर्ष काय, एवढं त्यात असतं. या शेवटच्या भागाला आम्ही इम्प्रेशन म्हणतो. घाईतला डॉक्टर तेवढंच वाचतो.

रॉंटगेन यांना क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. तेव्हापासून यंत्रं कुठल्या कुठे गेली, पण रिपोर्ट लिहायची रीत बहुतेक ठिकाणी जुनीच आहे. डॉक्टर चित्रं बघतो, बोलत जातो आणि टायपिस्ट किंवा संगणक ते टाइप करतो. काय सांगायचं, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत, हे सगळं त्या डॉक्टरच्या मनावर. याला आपण मोकळा रिपोर्ट म्हणू. साचेबद्ध रिपोर्टमध्ये मथळे आणि त्यांचा क्रम आधी ठरलेला असतो आणि जमेल तिथे शब्दही. ही कल्पना संगणकाच्या काळातली नाही. अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट प्रेस्टन हिकी यांनी एक्स-रेच्या रिपोर्टची भाषा एकसारखी करा, असा आग्रह १९२२ मध्येच धरला होता.

सातबाऱ्यावरून समजून घेऊ

समजा तुम्ही जमीन बघायला निघालात आणि तलाठ्याने तुमच्या हातात चिठ्ठी दिली : "जमीन काळी, कसदार आहे. बांधावर आंब्याची दोन झाडं आहेत. विहिरीला पाणी बरं आहे." यावर कुणी विसार देणार नाही. तुम्ही सातबारा मागाल. गट नंबर, क्षेत्र, भोगवटादाराचं नाव, पीक आणि सगळ्यांत आधी 'इतर हक्क' हा रकाना, म्हणजे बोजा आहे की नाही ते कळेल. चिठ्ठीतली तिन्ही वाक्यं खरी असतील. पण बोजाबद्दल चिठ्ठी गप्प आहे, आणि ती गप्प आहे म्हणून बोजा नाही असं कुणी धरत नाही.

सरकारी कागदांवर यासाठी एक नेमका शब्द आहे : निरंक. रकाना रिकामा असणं वेगळं आणि त्यात 'निरंक' लिहिलेलं असणं वेगळं. रिकाम्या रकान्यावरून कुणी तपासलं की नाही ते कळत नाही. 'निरंक' म्हणजे तपासलं, काही आढळलं नाही आणि खाली सही करून मी ते सांगतोय.

मोकळ्या रिपोर्टची अडचण नेमकी इथे आहे. त्यात जे लिहिलंय ते सहसा बरोबर असतं. जे लिहिलेलं नाही त्याचं काय करायचं, ते वाचणाऱ्याला समजत नाही. 'यकृतात ४ सेंटिमीटरची गाठ' असं लिहिलंय आणि यकृतात रक्त आणणाऱ्या मुख्य शिरेबद्दल अवाक्षर नाही. शीर मोकळी आहे म्हणून लिहिलं नाही, की बघायची राहून गेली? यावर पुढचा सगळा इलाज ठरायचा असतो. मग सर्जन फोन करतो. मी सेंटरवर असलो, चित्रं समोर असली तर पाच मिनिटांत काम होतं. रिपोर्ट परगावचा असला तर पुष्कळदा स्कॅनच पुन्हा होतो. पुन्हा खर्च, पुन्हा किरणं, पुन्हा गाडीभाडं.

साचा ही रिकामी जागा शिल्लक ठेवत नाही. त्याचं मुख्य काम हेच आहे. रिपोर्ट नीटनेटका दिसतो हा वरचा लाभ.

एका मिलिमीटरचा प्रश्न

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. त्याच्या कर्करोगाचं उदाहरण मी मुद्दाम घेतोय, कारण साच्याची गरज इतकी स्पष्ट दिसणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

गुदाशयाभोवती चरबीचा जाड थर असतो आणि त्या चरबीवर बाहेरून एक पातळ पडदा. सर्जन गुदाशय काढतो तो चरबीसकट, या पडद्याच्या कडेकडेने. फणसातला गरा सोलताना पाती मध्ये न फाटता अख्खा गरा बाहेर यावा, तसं. गाठ पडद्यापासून लांब असली तर ती सगळीच्या सगळी निघते. पण ती पडद्याला १ मिलिमीटर किंवा त्याहून जवळ भिडली असली, तर कडेला कर्करोग मागे राहण्याची भीती असते. अशा वेळी आधी रेडिएशन आणि केमोथेरपी देऊन गाठ आकसवतात, मग ऑपरेशन.

म्हणजे एमआरआयला पाठवणाऱ्या सर्जनच्या मनात ठरलेले प्रश्न आहेत. गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर? आतड्याच्या स्नायूच्या थराबाहेर गेली का, गेली तर किती मिलिमीटर? त्या पडद्यापासूनचं अंतर किती? शिरांमध्ये शिरली आहे का? लसिकाग्रंथी कशा आहेत? शौचावर ताबा ठेवणारा स्नायू वाचतोय का? या शेवटच्या प्रश्नावर त्या माणसाला पोटावर कायमची पिशवी लागणार की नाही, ते अवलंबून असतं.

आता मोकळा रिपोर्ट कसा येतो बघा : "गुदाशयाच्या मधल्या भागात ५ सेंटिमीटर लांबीची, भिंत जाड करणारी गाठ. भोवतालच्या चरबीत पसरल्याचं दिसतं. काही ग्रंथी वाढलेल्या." एकही शब्द चूक नाही. आणि सर्जनच्या सहा प्रश्नांपैकी धड उत्तर एकाचंही नाही. लिहिणाऱ्याला येत नव्हतं असं नाही. संध्याकाळचे आठ वाजलेले, बाहेर अजून चार जण ताटकळलेले, आणि अंतर मोजायची आठवण करून देणारं समोर काहीच नाही.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचंही असंच. कोणत्या रक्तवाहिनीला गाठ किती भिडली आहे, यावर ऑपरेशन होणार की नाही ते ठरतं. अमेरिकेतल्या पोटाच्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि स्वादुपिंडतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये मिळून त्यासाठी साचा ठरवला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साचेबद्ध रिपोर्ट हाती असलेल्या सर्जनना गाठ काढता येईल की नाही, हे जास्त खात्रीने सांगता आलं.

'नाकारता येत नाही' म्हणजे किती?

आतापर्यंत रकान्यांबद्दल बोललो. साच्याचा दुसरा भाग शब्दांचा आहे.

आमच्या रिपोर्टमध्ये काही वाक्यं सारखी येतात. 'शक्यता वाटते', 'सूचक आहे', 'नाकारता येत नाही' आणि सगळ्यांचं शेवटचं 'कृपया क्लिनिकल कोरिलेशन करावे', म्हणजे रुग्णाची लक्षणं आणि तपासणी यांच्याशी ताडून पाहावं. यांतलं प्रत्येक वाक्य योग्य जागी योग्य असतं. पण 'कर्करोग नाकारता येत नाही' याचा अर्थ शंभरात एक की शंभरात पन्नास? लिहिणाऱ्याच्या मनात एक आकडा असतो, वाचणाऱ्याच्या मनात दुसरा आणि घरी तो कागद उलगडून बसलेल्या बाईच्या मनात शंभरात शंभर.

स्तनांच्या एक्स-रेच्या, म्हणजे मॅमोग्राफीच्या बाबतीत हा गोंधळ अमेरिकेत १९८० च्या दशकात टोकाला गेला होता. बाईला बायोप्सी हवी आहे की तिला घरी पाठवायचं, हेसुद्धा काही रिपोर्टवरून कळत नव्हतं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ मध्ये यावर एक पद्धत आणली. तिचं नाव बाय-रॅड्स. गाठीचा आकार, कडा, घनता यांसाठी ठरलेले शब्द आणि शेवटी एक आकडा. १ म्हणजे काही नाही. २ म्हणजे दिसतंय ते निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ म्हणजे बायोप्सी करा. ५ म्हणजे शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून अधिक. ६ म्हणजे बायोप्सीने कर्करोग आधीच सिद्ध झालेला.

आणि शून्य. हा आकडा लोकांना फसवतो. बाय-रॅड्स ० म्हणजे 'काहीच नाही' असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'तपासणी अपुरी, आणखी फोटो किंवा जुन्या फिल्म हव्यात'. शून्य बघून रिपोर्ट कपाटात ठेवून दिला, असं घडू नये म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

प्रत्येक आकड्याला पुढची कृती बांधलेली आहे, ही या पद्धतीची खुबी. अमेरिकेत १९९९ पासून मॅमोग्राफीच्या प्रत्येक रिपोर्टवर असा अंतिम निष्कर्षाचा वर्ग लिहिणं आणि रुग्णाला साध्या भाषेतलं पत्र पाठवणं कायद्याने बंधनकारक झालं.

याचा आणखी एक परिणाम झाला, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. वर्ग ठरले की मोजता येतं. मी वर्षभरात किती जणींना ४ दिला आणि बायोप्सीत त्यांतल्या किती जणींना खरंच कर्करोग निघाला? ३ देऊन थांबवलेल्यांपैकी किती जणींना पुढे निघाला? 'नाकारता येत नाही' या वाक्याचा हिशेब कधीच मांडता येत नाही, त्यामुळे ते लिहिणारा आपण कुठे चुकतो हे कधी शिकतच नाही.

पुढे याच धर्तीवर इतर अवयवांच्या श्रेणी आल्या. प्रोस्टेटसाठी पाय-रॅड्स, यकृतासाठी लाय-रॅड्स, थायरॉइडसाठी टाय-रॅड्स. कोविडमधलं को-रॅड्स याच कुळातलं.

'डिस्क बल्ज' : तोच मणका, वेगवेगळे शब्द

पाठदुखीसाठी एमआरआय केलेल्या माणसाला विचारा. रिपोर्टमधले दोन शब्द त्याला तोंडपाठ असतात : डिस्क बल्ज. "माझी गादी सरकलीय" असं तो सांगतो आणि वाकायचं बंद करतो.

मणक्यांमधल्या चकतीची कड बाहेर आली तर तिला काय म्हणायचं, यावर रेडिओलॉजिस्टांमध्ये पूर्वी एकमत नव्हतं. एकाचा बल्ज तो दुसऱ्याचा प्रोलॅप्स. अमेरिकेतल्या मणक्याशी संबंधित तीन संघटनांनी २००१ मध्ये व्याख्या ठरवल्या आणि २०१४ मध्ये त्या सुधारल्या. चकतीच्या घेराच्या पाव भागाहून जास्त कड थोडीथोडी बाहेर आली असेल तर बल्ज. पाव भागाहून कमी जागेत, एकाच ठिकाणी बाहेर आली असेल तर हर्निएशन. इतकी साधी गोष्ट. पण ती ठरलेली नसेल, तर मागच्या वर्षीचा रिपोर्ट आणि यंदाचा रिपोर्ट शेजारी ठेवून दुखणं वाढलं की शब्द बदलला, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता बल्ज म्हणजे आजार का? ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के लोकांत बल्ज दिसला आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत. पांढरे केस जितके आजार, तितकाच पुष्कळदा हा बल्ज आजार असतो.

मग ही माहिती रिपोर्टच्या साच्यातच एका ओळीत छापली तर लोकांची भीती जाईल का? अमेरिकेत दोन लाखांहून अधिक रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये त्याचे निकाल आले. पाठीसाठीचे पुढचे उपचार त्या ओळीने कमी झाले नाहीत. अफूवर्गीय वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित घटल्या. मला स्वतःला याहून जास्त फरकाची आशा होती. पण छापील ओळ वाचून माणसाची भीती जात नाही. डॉक्टरला समोर बसून बोलावंच लागतं.

"प्रत्येक रुग्ण वेगळा, मग साचा एकच कसा चालेल?"

हा आक्षेप माझ्याच क्षेत्रातले ज्येष्ठ लोक घेतात आणि तो मनापासून घेतात. चांगला रेडिओलॉजिस्ट चित्रांमधून आजाराची गोष्ट जुळवतो. ही सूज आधी झाली असावी, त्यामुळे तिथे पाणी साठलं, म्हणून या बाजूला दुखतंय. ही गोष्ट रकान्यांत तुटून जाते, असं त्यांचं म्हणणं.

साच्यातले मोदक करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. साचा पाकळ्या पाडतो. सारण तिलाच करावं लागतं, गूळ किती आणि वेलची किती ते तिच्या हातात. 'काय दिसलं' हा भाग साच्यात जावा. 'त्यावरून मला काय वाटतं' हा इम्प्रेशनचा भाग मोकळा राहावा, त्यात ही गोष्ट सांगावी. आणि साच्याच्या शेवटी 'इतर' हा रकाना असलाच पाहिजे. तो नसलेला साचा मी वापरणार नाही.

जिथे प्रश्न ठरलेले आहेत तिथे साचा कडक असावा : कर्करोगाची पायरी ठरवणं, गर्भाची तपासणी, मॅमोग्राफी. 'तीन महिने ताप, कारण सापडत नाही' अशा रुग्णाच्या स्कॅनला नुसते मथळे पुरेत.

"रकाने भरता भरता चित्राकडेच दुर्लक्ष होईल"

ही भीती खरी आहे आणि तिला पुरावाही आहे. पक्षाघाताचा संशय असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या एमआरआयवर शिकाऊ डॉक्टरांनी लिहिलेल्या रिपोर्टचा अभ्यास २००९ मध्ये 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात आला. पर्याय निवडत जायच्या नव्या संगणकीय पद्धतीने लिहिलेले त्यांचे रिपोर्ट नेहमीच्या डिक्टेशनपेक्षा जास्त अचूक आणि परिपूर्ण निघतील अशी अपेक्षा होती. ते दोन्ही बाबतींत कमी ठरले. नजर चित्रावरून उठून पडद्यावरच्या रकान्यांकडे सारखी जायला लागली, की असं होणारच. साच्याची बाजू घेणाऱ्यांनी हा अभ्यास लपवू नये.

पण मोकळ्या डोळ्यांनाही मर्यादा आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसांच्या सीटीमध्ये बारीक गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र टाकून ठेवलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्यावरून फिरून गेली होती. मन जे शोधतं तेच डोळ्याला सापडतं. एक मोठी गाठ सापडली की शोध तिथेच सैलावतो, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे. फुप्फुसात गाठ सापडल्यावर 'हाडं' हा रकाना समोर आला, तर निदान बरगड्यांकडे पुन्हा एकदा बघितलं जातं.

म्हणून माझी पद्धत अशी : आधी सगळी चित्रं बघायची, बोलायचं काही नाही. मग साचा उघडायचा आणि प्रत्येक रकान्यापाशी चित्राकडे परत जायचं. यात वेळ जास्त जातो, सुरुवातीचे काही महिने तर फारच.

सर्वांत मोठा धोका : आधीच भरलेला 'नॉर्मल'

आपल्याकडच्या असंख्य सेंटरांमध्ये साचा आहेच, फक्त त्याला साचा म्हणत नाहीत. टायपिस्टच्या संगणकात 'पोट, पुरुष, नॉर्मल' अशी फाइल असते. यकृत नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, मूत्रपिंडं नॉर्मल, सगळं आधीच टाइप केलेलं. डॉक्टर फक्त वेगळं सापडलं तेवढं सांगतो, बाकीचं तसंच राहतं.

ही सोय मी वर्षानुवर्षं वापरली. एकदा सोनोग्राफीच्या रिपोर्टवर सही केली, त्यात लिहिलं होतं : पित्ताशय नॉर्मल, खडे नाहीत. त्या बाईंचं पित्ताशय ऑपरेशन करून काढलेलं होतं. कागद परत घेऊन आलेल्या त्यांच्या मुलाने आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, "डॉक्टर, मग बाकीचं तरी बघितलंय ना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्याला पटावं असा माझ्याकडे कसलाच पुरावा नव्हता.

मघाशी 'निरंक'बद्दल बोललो. तपासल्याशिवाय लिहिलेलं 'निरंक' हे रिकाम्या रकान्याहून वाईट. रिकामा रकाना बघून डॉक्टर निदान फोन तरी करतो. खोट्या 'नॉर्मल'वर तो विश्वास ठेवतो. त्यामुळे चांगल्या साच्यात उत्तर आधीच भरलेलं नसतं. रकाना रिकामाच उघडतो आणि भरल्याशिवाय सही होऊ देत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असते. आमच्या सेंटरवर आम्ही ते साध्या वर्डच्या फाइलमध्येच केलं. प्रत्येक अवयवापुढे 'नॉर्मल'च्या जागी तीन फुल्या. फुल्या असलेला कागद टायपिस्ट ताई छापत नाहीत, माझ्यावर ओरडतात. सहीच्या आधी वाचायला आता दोन मिनिटं जास्त लागतात. ती मी देतो.

एफ फॉर्म आणि हृदयाचे चार कप्पे

"आपल्याकडे एवढं कोण करणार?" असं विचारणाऱ्यांना मी एफ फॉर्मची आठवण देतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला. त्याखाली गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी हा फॉर्म भरावा लागतो. त्यातला रकाना अपुरा राहिला तरी तो कायद्याचा भंग धरला जातो आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. अगदी छोट्या गावातल्या सोनोग्राफी सेंटरवरही तो फॉर्म भरला जातो. म्हणजे आपल्या डॉक्टरांना रकाने भरता येत नाहीत, असं कुणी म्हणू नये.

पण त्याच बाईच्या १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत बाळाच्या हृदयाचे चारही कप्पे पाहिले का? मेंदू, पाठीचा कणा, ओठ, मूत्रपिंडं पाहिली का? पाहिली आणि ठीक आहेत, की बाळाच्या स्थितीमुळे दिसली नाहीत म्हणून पुन्हा यायला हवं? हे लिहायची सक्ती त्या फॉर्ममध्ये नाही, तो त्याचा उद्देशही नाही. पण मग ते रिपोर्टमध्ये असायला हवं, आणि पुष्कळ रिपोर्टांत एवढंच असतं : 'ठळक व्यंग दिसत नाही'. 'दिसलं नाही' आणि 'बघता आलं नाही' यांतला फरक त्या जोडप्याला विसाव्या आठवड्यात कळायला हवा, तेव्हा हातात वेळ असतो. हे सगळं एका पानाच्या साच्यात मावतं. त्याला नवं यंत्र लागत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर, आणि त्याच्याही आधी

रिपोर्टमध्ये आकडा दिसला तर तो कितीपैकी आहे आणि कशाचा आहे, हे आधी विचारा. तीव्रतेचा, की संशयाचा? एवढा एक प्रश्न २०२१ मध्ये विचारला गेला असता, तर बरीच घरं एका रात्रीच्या धास्तीतून वाचली असती. सौम्य आजारात उगाच सीटी करू नका, असं एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना त्या मे महिन्यात जाहीरपणे सांगावं लागलं होतं. स्कोअरची मागणी आधी आणि गरजेचा विचार मागून, अशी वेळ आली होती.

तुम्ही डॉक्टर असाल आणि रुग्णाला तपासणीला पाठवत असाल, तर चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहू नका. तुम्हाला काय जाणून घ्यायचंय ते एका ओळीत लिहा. प्रश्नच आला नाही तर कोणता साचा उघडायचा हे मला कळत नाही.

रुग्णांसाठी एवढंच. जुन्या फिल्म आणि जुने रिपोर्ट बरोबर आणा, कितीही जुने असले तरी. आणि सोनोग्राफीच्या टेबलावर आडवं व्हायच्या आधी पूर्वीची ऑपरेशनं सांगा. न विचारता सांगा. "पित्ताशय काढलंय", "एकच किडनी आहे", "गर्भपिशवी काढलीय". अंधाऱ्या खोलीत, घाईच्या वेळी, आमच्यातले काही जण हे विचारायला विसरतात.